चाकाची वरची बाजू

इंदूताई नवऱ्याला चहा द्यायच्या तो काठोकाठ भरून. इतका, की कप बशीतून उचलताना माणसानं जीव मुठीत धरावा. आधी मला वाटलं, बाईंचा हातच सढळ आहे. मग लक्षात आलं, की मला, आमच्या ह्यांना, आल्यागेल्या सगळ्यांना कप बेताचाच मिळतो. काठोकाठ फक्त भाऊसाहेबांचा. संध्याकाळी ते मोटरसायकलवरून आले, की हातपाय धुवायच्या आधी तो कप त्यांच्या हातात जायचा आणि इंदूताई समोर उभ्या राहून बघायच्या. बशीत थेंब पडला नाही, की मगच त्या स्वयंपाकघरात वळायच्या. ही रोजची परीक्षा होती, हे कळायला मला दोन महिने लागले.

स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली असतील. ह्यांची सरकारी नोकरीत कलकत्त्याला बदली झाली आणि बालीगंजात एका घराचा खालचा मजला आम्हांला मिळाला. वर रिसबूड राहायचे. इंदूताई आणि भाऊसाहेब, नवरा-बायको दोघंच, मूलबाळ नाही. दोघांचेही वडील पोटासाठी कलकत्त्याला आलेले, त्यामुळे दोघांचा जन्म इथलाच. घरात मराठी बोलायचे, पण त्या मराठीच्या अंगात बंगाली मुरलेली. पहिल्याच दिवशी इंदूताईंनी मला विचारलं, "चहा खाणार?" मी हसले. का हसले ते त्यांना कळलं नाही, आणि चहा मात्र आला.

बराकपूरच्या अलीकडे एक तागाची गिरणी होती, तिथल्या यंत्रांची देखभाल भाऊसाहेबांकडे. युद्ध संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेल्या मोटरसायकली विकल्या, त्यांतली एक त्यांनी घेतली होती. खाकी रंगाची, अवाढव्य, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी आली की आमच्या फडताळातली भांडी बोलायला लागत. भाऊसाहेब स्वतः अगदी शांत गृहस्थ. चिंता करायचं खातं त्यांनी लग्नातच बायकोकडे सोपवलं होतं, असं ते म्हणत.

आणि इंदूताईंनी ते खातं फार मन लावून सांभाळलं. डोक्यावरचा पंखा जरा डुलत असेल तर त्याच्याखाली त्या बसत नसत. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक विद्वान गृहस्थ व्याख्यान देत होते, तर मध्येच उठून ह्या म्हणाल्या, "आपण जरा डावीकडे सरकून बोला. वरचं पातं जड आहे." विद्वान सरकले, पण व्याख्यानाचं सूत्र काही पुन्हा त्यांच्या हाती लागलं नाही. दुसऱ्या दिवशी शिडी मागवून इंदूताईंनी समोरच्या पात्याला मेणानं एक नाणं चिकटवलं. पंखा डुलायचा थांबला. तसे आभार कोणी मानले नाहीत.

त्यांना मी खऱ्या अर्थानं पाहिलं ते एका दुपारी. ताक द्यायला वर गेले, तर गच्चीला लागून असलेल्या व्हरांड्यात दोन सारखी स्टुलं मांडलेली, त्यांच्यावर आसाची दोन टोकं टेकवलेली आणि मध्ये मोटरसायकलचं पुढचं चाक अधांतरी. नवाकोरा टायर, रबराचा वास सगळीकडे. इंदूताई गुडघ्यांवर बसून नाक चाकाला लागेल इतक्या जवळून बघत होत्या. पदर खोचलेला, कपाळाला खडूची भुकटी.

"दार लावून घे," त्या मागे न बघता म्हणाल्या. "आणि श्वास सोडू नकोस."

मी श्वास धरला. चाक हळूहळू फिरत होतं, थांबल्यासारखं झालं, मग उलटं थोडं आलं आणि थांबलं. इंदूताईंनी तळाच्या जागी खडूनं रेघ ओढली.

"ही जड बाजू," त्या म्हणाल्या. "टायर नवा घातला ना, की एकीकडे तोळा-दोन तोळे जास्त असतंच. उभं असताना कोणाला कळत नाही. पळायला लागलं की तेवढंच वजन दर फेऱ्याला रस्त्यावर आपटतं. मग हँडल थडथडतं. मग हात." रेघेच्या बरोबर समोरच्या, चाकातल्या तारेला त्यांनी शिशाची चपटी केलेली गोळी गुंडाळली, बारीक तांब्याच्या तारेनं वेढे दिले आणि टोक पकडीनं आत दाबलं. पुन्हा चाक फिरवलं. पुन्हा वाट पाहिली. चाक कुठेही सोडलं तरी तिथंच राहायला हवं, कुठलीच बाजू खाली ओढली जाता कामा नये, तेव्हा काम झालं. त्या दिवशी त्याला दीड तास लागला आणि माझं ताक आंबलं.

हे त्या कुठे शिकल्या, ते भाऊसाहेबांनीच सांगितलं. मोटरसायकल घेतली त्याच वर्षी त्यांनी नवा टायर घालून घेतला होता. संध्याकाळी घरी आले, कप उचलला आणि चहा धोतरावर. हात थरथरत होते. "रस्ता खराब आहे," असं म्हणून ते हसले. इंदूताई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच गोपालबाबू मिस्त्रींच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. मोटर दुरुस्तीच्या दुकानात भल्या घरची बाई! गोपालबाबूंनी गडबडीनं अंगात सदरा घातला. पण माणूस चांगला. चाक टांगून दाखवलं आणि म्हणाले, "बौदी, चाका निजेइ बोलबे." वहिनी, चाक स्वतःच सांगेल. गोपालबाबू सांगून मोकळे झाले. इंदूताई मात्र तेव्हापासून ऐकत बसल्या.

ह्या शिशावरून एकदा मंडळात गहजब झाला. तारेला गुंडाळायला मऊ आणि बेताच्या वजनाचं शिसं लागे, आणि तसं मिळे गरियाहाटच्या मासळीबाजाराच्या तोंडाशी. कोळी लोक जाळ्याला बांधतात त्या गोळ्या. आमच्या मंडळातल्या एका बाईंनी इंदूताईंना तिथं, पिशवी हातात, घासाघीस करताना बघितलं. झालं. रिसबुडांकडे मासळी शिजते, ही बातमी हळदीकुंकवापर्यंत पिकून तयार. बायका त्यांच्याशी बोलायच्या, पण त्यांच्या हातच्या वाटल्या डाळीचं भांडं पुढे सरकेना. इंदूताईंना कळलं. त्यांनी पर्स उघडली, शिशाच्या पाच गोळ्या डाळीशेजारी ठेवल्या आणि त्या बाईंना म्हणाल्या, "आमची मासळी. घ्या ना, काटा नाही."

मीही तेव्हा हसले. पण खोटं कशाला सांगू, माझ्या मनातून ती गोष्ट गेली नाही. मी वाईच्या भिक्षुकाच्या घरातली. मासळीबाजारातलं शिसं आपल्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, वावरतंय, हे मला टोचायचं. आणि त्यातूनच ती खांडेनवमी उगवली.

गल्लीच्या टोकाला दुर्गेचा मांडव, ढाक वाजतोय, सगळं शहर रस्त्यावर. आमच्या घरी आपली खांडेनवमी. खाली अंगणात पाट मांडून भाऊसाहेबांची हत्यारं, ह्यांचं फाउंटन पेन, इंदूताईंची पक्कड, शिवणाचं यंत्र, आणि मोटरसायकल. इंदूताई वर पुरण वाटत होत्या. मोटरसायकल पुसायचं काम मी हौसेनं मागून घेतलं. पुसता पुसता पुढच्या चाकाच्या तारांशी आले आणि हात थबकला. पूजेला बसवायचं आणि त्याला ते मासळीबाजारातलं? तीनच तर गोळ्या. सोडायच्या, कढत पाण्यानं धुवायच्या, पुन्हा होत्या तिथं बांधायच्या. कोणाला सांगायचीही गरज नाही. मी नीट बघून ठेवलं: चाकाच्या वरच्या दोन तारांना आहेत. गोळ्या सोडल्या आणि पाणी तापवायला आत गेले.

परत आले तेव्हा भाऊसाहेबांनी मोटरसायकल ढकलून रांगोळीपाशी नेऊन उभी केली होती. मी वरच्या दोन तारांना गोळ्या बांधल्या. तांब्याच्या तारेची छान सुरगाठ मारली, टापटीप. गंध लावलं, झेंडूची माळ घातली. पूजा झाली, आरती झाली. तेवढ्यात समोरच्या औषधवाल्यानं हाक मारली; गिरणीतून फोन होता. सुट्टीत पंप उघडला होता आणि तो काही केल्या बसत नव्हता. भाऊसाहेबांनी उभ्याउभ्या एक पोळी खाल्ली आणि माळेसकट निघून गेले.

तासाभरानं आम्ही जेवायला बसलो. इंदूताई थकल्या होत्या, पण खुशीत. मलाही राहवेना. म्हटलं, "ताई, आज सगळं अगदी सोवळ्यात झालं हो. मी शिसंसुद्धा सोडून धुतलं."

त्यांचा घास हातात राहिला. "सोडलंस?"

"परत बांधलं ना. होतं तिथंच."

"कुठं?"

"वरच्या दोन तारांना."

इंदूताईंनी घास ताटात ठेवला. "वरच्या?" त्या म्हणाल्या. "सुशीला, चाकाला वर कुठं असतं गं?"

मला कळायला क्षणभर लागलं. गाडी ढकलली होती. चाक फिरलं होतं. मी शिसं बांधलं ते कुठं बांधलं? बहुधा जड बाजूलाच. म्हणजे तोल नुसता गेला नव्हता, दुप्पट गेला होता. मी रडायला लागले तर इंदूताई म्हणाल्या, "नंतर." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

औषधवाल्याकडून बराकपूरला फोन लावून पाहिला. लाइन मिळेना; बसून राहा, असं एक्स्चेंजवाले म्हणाले. आमच्या ह्यांना त्या फोनपाशी बसवलं. इंदूताईंनी पूजेतली पक्कड उचलली, तिच्यावरचं हळदकुंकू पदराला पुसलं, तारेचं भेंडोळं आणि खडू पिशवीत टाकला आणि चपला घातल्या. "पोचले असतील तर परत निघायच्या आत गाठायचं," त्या म्हणाल्या. "नसतील पोचले, तर तेही कळेलच."

बालीगंजहून सियालदा, सियालदाहून बराकपूरची गाडी. सियालदाच्या फलाटावर निर्वासितांचे संसार मांडलेले असत. इंदूताई एरवी तिथं थांबल्याशिवाय, एखाद्या पोराच्या हातावर काही ठेवल्याशिवाय पुढे जात नसत. त्या दिवशी त्या सरळ चालत गेल्या, आणि फक्त एकदा, गाडीत बसल्यावर, "कोणाला काही दिलं नाही," एवढंच म्हणाल्या. गाडी प्रत्येक स्टेशनाला थांबत होती. दर वेळी त्या खिडकीतून बाहेर बघायच्या. तिथून मोटारींचा रस्ता दिसत नाही, हे त्यांना जन्मापासून माहीत होतं. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना नवस बोलून झाले आणि मग असं वाटलं, ह्या देवांच्या सोवळ्यापायीच तर हे झालं. आता त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

स्टेशनपासून गिरणीपर्यंत सायकलरिक्षा. गिरणीच्या फाटकावरचा दरवान ओळखीचा होता. मीच विचारलं.

"साहब? कब के आ गये, माईजी."

इंदूताई आत गेल्या आणि मोटरसायकल दिसल्यावर आधी तिला हात लावला. माळेतली अर्धी फुलं गळून गेली होती. मग भाऊसाहेब बाहेर आले, काळ्या तेलानं माखलेले, आणि आम्हां दोघींना बघून दारातच थबकले. कोणीतरी चहा आणला. त्यांनी कप घेतला. कप अर्धाच होता, तरी बशीत सांडला.

"कधीपासून?" इंदूताईंनी विचारलं.

"टाला पुलापासूनच थडथडत होतं. रस्ताच दिसेना नीट."

"मग थांबलात का नाही?"

भाऊसाहेब जरा ओशाळले. "तू बांधलं होतंस ना. म्हटलं, चाक चुकायचं नाही. आपलेच हात म्हातारे झाले असतील."

"वेग?"

"नेहमीचाच."

इंदूताई जवळच्या खोक्यावर बसल्या. वाटेत दिसली नव्हती इतकी भीती मला तेव्हा त्यांच्या तोंडावर दिसली. चाकात चूक होऊ शकते, हे त्या धरूनच चालत होत्या. सगळा जन्म त्याच धास्तीत घालवत होत्या. पण आपल्यावरचा ह्या माणसाचा विश्वास त्याला मारू शकतो, हे त्यांच्या हिशेबात कधी आलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "अहो, माझ्यावर विश्वास ठेवायचा तो घरात. रस्त्यावर हातांवर ठेवत जा." आणि मग तितक्याच सरळ आवाजात, "माझंच चुकलं. पूजेसाठी सोडलं होतं, घाईत उलट्या बाजूला बांधलं."

मी तोंड उघडलं. इंदूताईंनी पिशवी माझ्या हातात दिली. "सुशीला, खडू काढ."

चाक उतरवलं गेलं. दोन खोकी मांडली. इंदूताई अंगणात गुडघ्यांवर बसल्या, गोळ्या सोडल्या, चाक फिरवलं. भोवती गिरणीचे आठदहा फिटर जमले; साहेबांची बायको काय करते ते कुतूहलानं बघत होते. "श्वास सोडू नका," इंदूताई हिंदीत म्हणाल्या, आणि पंप बसवायचा सोडून ती दणकट माणसं श्वास धरून उभी राहिली.

परतताना गाडीत मला रडू आवरेना. विचारलं, "तुम्ही आपल्यावर का घेतलंत?"

"तू खाली राहतेस," त्या म्हणाल्या. "रोज जिन्यात भेटणार. तुला बघितलं की त्यांना ते आठवणार. माझ्यावर रागावून करतील काय? चहा तर मीच देणार." मग पिशवीतली पक्कड पुसत, "पण सोडायच्या आधी खडूची रेघ मारावी, गं."

संध्याकाळी भाऊसाहेब मोटरसायकलवरून घरी आले. काठोकाठ कप दिला गेला. जिन्यात उभी राहून मीही बघत होते. एक थेंब सांडला नाही.

त्यानंतर तीन वर्षं आम्ही त्या घरात होतो. एक बदल झाला. नवा टायर आला, की स्टुलांच्या पलीकडच्या बाजूला भाऊसाहेबांनाही बसावं लागे. "दोघांना पटलं तरच," हा इंदूताईंचा नवा कायदा. ते बसायचे, आणि येईल त्याला सांगायचे, "हिची जन्मात एकदा चूक झाली, पण झाली ती बराकपूरपर्यंत गेली!" लोक हसायचे. इंदूताई खडू उचलायच्या. मी प्रत्येक वेळी जमिनीत जायची. सांगून टाकू, असं शंभरदा ठरवलं, पण जिन्यात ते भेटले, "काय सुशीलाबाई, बरं आहे ना?" म्हणाले, की "हो" म्हणून मी आत शिरायची.

मग ह्यांची नागपूरला बदली झाली. सामान पुढे गेलं. निघायच्या सकाळी टॅक्सी दाराशी उभी होती. आदल्या रात्रीच आमचं निरोपाचं जेवण वर झालं होतं, डोळे पुसून झाले होते. तरी मी पुन्हा वर गेले. व्हरांड्यात स्टुलं मांडलेली. आदल्या दिवशीच नवा टायर आला होता. एका बाजूला इंदूताई, दुसऱ्या बाजूला भाऊसाहेब, दोघंही गुडघ्यांवर, आणि मध्ये चाक हळूहळू फिरत होतं.

मी दारातूनच म्हटलं, "भाऊसाहेब, त्या खांडेनवमीला शिसं मी बांधलं होतं."

त्यांनी चाकावरची नजर हलवली नाही. "माहीत आहे."

"कसं?"

"ही टोक आत दाबते. त्या दिवशी गिरणीत हिनं सोडली ती सुरगाठ होती. तांब्याच्या तारेला सुरगाठ मारणारी बाई मी दुसरी पाहिली नाही."

इंदूताईंचीही नजर चाकावरच. "तुम्हांला ठाऊक होतं? मग तीन वर्षं माझी थट्टा कशाला केलीत?"

"तू सुशीलाबाईंसाठी एवढं समोर बसून खोटं बोललीस," भाऊसाहेब म्हणाले. "ते उघडं पडू द्यायचं नव्हतं."

इंदूताईंचा चेहरा मला दिसत नव्हता. त्यांनी डावा हात मागे करून माझ्या दिशेनं नुसता धरला. मी पुढे होऊन तो घट्ट दाबला. खडूनं पांढरा झालेला, गार हात होता. "आता बोलू नका कोणी," त्या म्हणाल्या. "थांबत आलंय."

मी पायांचा आवाज न करता खाली आले. टॅक्सी सुरू झाली तेव्हा काचेतून वर बघितलं. व्हरांड्याच्या कठड्याआडून दोन डोकी दिसत होती, एक पांढरं, एक करडं, आणि त्यांच्या मधोमध चाकाचा वरचा भाग. कोणी हात हलवला नाही. मीही हाक मारली नाही. ह्यांनी काहीतरी विचारलं, पण गरियाहाटचं वळण येईपर्यंत मला बोलता आलं नाही. मी श्वास धरून होते.